आमची कोठेही शाखा नाही

पुणेरी पाट्यांची थट्टा आता इतकी जुनी झाली आहे, की थट्टेचाच कंटाळा यावा. तरीही त्यांतील एक पाटी विनोदाच्या खात्यातून काढून इतिहासाच्या खात्यात जमा करावी असे वाटते. ती पाटी म्हणजे ‘आमची कोठेही शाखा नाही’. ती केवळ पुण्यातच दिसते असेही नाही. सातारा-सांगलीच्या पेठांत, गिरगाव-दादरच्या जुन्या दुकानांवर, पेढे, चिवडा, तपकीर, आयुर्वेदिक औषधे असल्या मालाच्या वेष्टनांवर हे वाक्य वर्षानुवर्षे छापले गेले. त्याचा उघड हेतू व्यवहारी आहे. आमच्या नावावर दुसरा कोणी माल खपवीत असेल तर तो तोतया समजावा, एवढेच दुकानदाराला सांगावयाचे असते. पण तोतयाचा बंदोबस्त ‘आमच्या शाखा पुढीलप्रमाणे’ असे छापूनही करता आला असता. तसे न करता शाखा नसल्याचाच गौरव व्हावा, ह्यात काही निराळे दडले आहे. शाखा नाही, कारण शाखेत बसायला मी नाही. आणि मी जेथे नाही तेथे माझे दुकान असणे हीच मुळी फसवणूक, असा त्या वाक्याचा आतला अर्थ आहे. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्याची पद्धतही ह्याच कुळातली. मालक जेवून वामकुक्षी घेणार. तोवर गल्ल्यावर बसण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही, म्हणून कुलूप.

लहान धंद्याच्या मालकाने रोजच्या धबडग्यातून अंग कसे काढून घ्यावे, हा विषय सध्या व्यवस्थापनाच्या शिबिरांचा झाला आहे. ‘सिस्टिम लावा’ असे सांगणारे सल्लागार आता तालुक्याच्या गावीही पोहोचले आहेत आणि मायकेल गर्बर ह्या अमेरिकन लेखकाचे १९८६ सालचे पुस्तक त्यांच्या बोलण्यामागे पुष्कळदा उभे असते. त्यामुळे हा प्रश्नच परदेशातून आला, असा समज होतो. वस्तुतः गल्ल्यावरून उठावे कसे, ह्याची उत्तरे ह्या देशात दोन-तीनशे वर्षांपूर्वी तयार होती. ती मराठी दुकानापर्यंत का पोहोचली नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. मन लावून काम पाहणे ह्याला आपण ‘जातीने लक्ष घालणे’ म्हणतो. ह्या ‘जाती’चा वर्णजातीशी संबंध नाही. फारसीमार्गे आलेल्या ‘जात’ म्हणजे व्यक्ती, स्वतःचा पिंड, ह्या शब्दाचे ते रूप आहे. मोगली मनसबदारीतील ‘जात’ आणि ‘स्वार’ ह्या जोडीतला तोच शब्द. जातीने म्हणजे स्वतः देहाने हजर राहून. मराठीत उत्तम देखरेखीची कल्पनाच अशी हजेरीशी बांधलेली आहे. दुसरा शब्द ‘कारभारी’. वास्तविक कारभारी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. पण खेड्यातली बाई आपल्या नवऱ्याला ‘धनी’ही म्हणते आणि ‘कारभारी’ही म्हणते. ज्याची मालकी त्याचाच कारभार, हे इतके गृहीत धरलेले, की दोन्ही शब्द एकाच माणसाच्या अंगावर चढले.

आणि तरीही ह्याच भाषेत ‘मुतालिक’ हा शब्द आहे, आडनावाच्या रूपाने अजून जिवंत आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश वगळता बाकीच्यांना मोहिमेवर जावे लागे. प्रधान घोड्यावर आणि दप्तर गडावर, अशा स्थितीत काम खोळंबू नये म्हणून त्यांच्या दरबारातील कामासाठी मुतालिक नेमलेले असत. मुतालिकाने धन्याच्या वतीने कागद करावा आणि तो धन्याचाच मानला जावा, हे त्यातले मर्म. गैरहजेरी हा दोष न मानता ती आधीच हिशेबात धरलेली होती. किल्ल्यांच्या व्यवस्थेत तर ह्याहून बारीक विचार दिसतो. हवालदार, सबनीस, सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी, तेही निरनिराळ्या जातींचे. एकाच्या हाती किल्ल्या, दुसऱ्याच्या हाती लिखापढी. सभासदाने हे नोंदवले आहे. तीनशे किल्ल्यांवर राजाला जातीने बसता येत नाही. तेव्हा कोणा एकाच्या इमानावर भिस्त न ठेवता कामाची वाटणीच अशी करायची, की एकाची लबाडी दुसऱ्याच्या कागदात उघडी पडावी.

अर्थात मुतालिकी धोक्याची होती हेही इतिहासात लिहिलेले आहे. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव ह्याने १७५० साली पेशव्यांविरुद्ध उठाव केला, तेव्हा सदाशिवरावभाऊंना सांगोल्यापर्यंत जाऊन तो मोडावा लागला. आणि खुद्द पेशवाई म्हणजे तरी काय? शाहू महाराजांनी रोजच्या कारभारातून अंग काढले आणि कारभार पाहणाऱ्याचे राज्य झाले. १७८४ साली दिल्लीच्या बादशहाने पेशव्याला वकील-इ-मुतलक नेमले, ते काम महादजी शिंद्यांनी पेशव्याचे नायब म्हणून पाहायचे होते. बादशहाचा मुखत्यार पुण्यात, तो दहा वर्षांचा. त्याचा कारभार नानांच्या हाती. आणि मुखत्याराचा मुखत्यार उत्तरेत फौजेसह. अठराव्या शतकात मालकाने मागे सरण्याची परमावधी झाली ती अशी. मराठी मनाने ह्यातून ‘कारभारी शिरजोर होतो’ एवढाच धडा उचलला असेल, तर त्याला फार दोष देता येणार नाही.

त्या काळी मराठी सावकारीही लहान नव्हती. बारामतीकर जोशी, नाशिकचे दीक्षित-पटवर्धन अशी घराणी पेशवाईतील देण्याघेण्यात मोठी होती, आणि दूरच्या गावचे व्यवहार गुमास्त्यांमार्फतच चालत. परंतु ही सावकारी राज्याच्या वसुलाला बांधलेली होती. १८१८ साली राज्य गेले तसा तिचा पायाही गेला. मागे राहिला तो लिहिता वर्ग. रोजकीर्द लिहिणारा, धन्याच्या गैरहजेरीत नेकीने दप्तर सांभाळणारा हा वर्ग पुढे कोणाकडे गेला? कंपनी सरकारच्या कचेरीत. आमच्या मते महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातील ही एक मोठी विसंगती आहे. मुनिमी करण्याची योग्यता असलेला समाज आपल्याकडे होता, पण त्याने मुनिमी केली ती सरकारची. शेजारच्या कासाराच्या, शिंप्याच्या, तेल्याच्या दुकानात जाऊन बसणे त्याला मानाचे वाटले नाही, आणि कासारालाही त्याला गल्ल्याजवळ बसवणे परवडले नसते किंवा रुचले नसते. ह्यात जातीचा (आता प्रचलित अर्थाने) वाटा किती आणि पैशाचा किती, हे कोणी सविस्तर शोधायला हवे.

ह्याच शतकात राजस्थानच्या शेखावाटीतून निघालेल्या मारवाडी पेढ्यांनी काय केले, ते त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. रामगढच्या पोद्दारांची ताराचंद घनश्यामदास ही पेढी घ्या. कलकत्ता, मुंबई अशा दूरदूरच्या ठिकाणी तिच्या गाद्या होत्या. प्रत्येक गादीवर मुनीम. मालक वर्षानुवर्षे तेथे फिरकत नसे तरी सौदे होत, हुंड्या लिहिल्या जात, आणि हुंडीवर सही मुनिमाची असली तरी देणे पेढीचे असे. एवढा विश्वास आला कोठून? मारवाडी माणूस स्वभावतः अधिक विश्वासू, असले उत्तर देणे म्हणजे इतिहासाला रजा देणे होय. उत्तर व्यवस्थेत आहे. मुनीम बहुधा त्याच मुलखातला. त्याचे बायकामुलांचे बिऱ्हाड गावी, मालकाच्या हवेलीपासून हाकेच्या अंतरावर. परगावी तो ‘बासा’ नावाच्या सामाईक खाणावळीत आपल्याच मुलखाच्या लोकांबरोबर जेवायचा. अफरातफर केली तर नोकरी जाईल हे दुय्यम. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही हे मुख्य. म्हणजे जामीन घेतला होता तो सगळ्या गावाचा. शिवाय अनेक मुनिमांना पगाराखेरीज नफ्यात हिस्सा असे, काहींना मर्यादेत स्वतःचा व्यापार करण्याची मोकळीक असे, आणि पुढे स्वतंत्र पेढी काढणे हा विश्वासघात न मानता बढती मानली जाई. आपल्याकडे ‘आमच्याकडे शिकला आणि समोरच दुकान टाकले’ हे वाक्य शिवीसारखे उच्चारले जाते. तेथे तेच शिकण्याचे फळ होते.

ह्या सगळ्याला जोडून कागद. रोजची जमाखर्चाची नोंद, खतावणी, आणि गादीवरून मालकाला जाणारी पत्रे. पत्रे मुडिया लिपीत. तिच्यात काना-मात्रा बहुधा गाळलेल्या, त्यामुळे ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र घरी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि रडारड झाली, हा जुना विनोद उत्तरेत सर्वांना ठाऊक आहे. विनोद असो, पण त्याचा गर्भितार्थ पाहा. काकाजी कोठे आहेत हे घराला कागदावरूनच कळायचे, इतकी कागदावर भिस्त होती. पुढे बिर्लांच्या कारखान्यांत ह्याच परंपरेतून ‘पडता’ पद्धत नावाजली. प्रत्येक ठिकाणच्या प्रमुखाने रोजच्या उत्पादनाचा, खर्चाचा आणि अपेक्षित नफ्याशी पडणाऱ्या फरकाचा थोडक्यात हिशेब वर पाठवायचा. मालकाने कारखान्यात पाऊल न ठेवता एका आकड्यावरून ओळखायचे, की कोठे लक्ष घातले पाहिजे. मालक मागे सरतो म्हणजे आंधळा होतो असे नाही; तो पाहण्याचे साधन बदलतो.

सावकाराचा जीव कागदात आहे, हे आपल्या शेतकऱ्यानेही अचूक ओळखले होते, मात्र वेगळ्या कारणाने. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो तेव्हाच्या पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यात लोकांनी मुख्यतः शोधून शोधून जाळली ती कर्जरोखे व खाती. सावकाराच्या देहाला धक्का लावण्यापेक्षा त्याची वही जाळणे अधिक परिणामकारक, हे त्या दंगलीचे अर्थशास्त्र होते. मराठी दुकानदाराच्या बाबतीत ही युक्ती चालली नसती. त्याची वही बरीचशी त्याच्या डोक्यात होती.

आणि डोक्यातली वही वाटून देता येत नाही. मराठी धंदा पुष्कळसा कारागिरीतून आलेला. सोनार, कासार, हलवाई, वैद्य ह्यांचे भांडवल म्हणजे हात, जीभ आणि नजर. पाक कोणत्या क्षणी उतरवायचा, कोणाला किती उधारी द्यायची, कोणत्या गिऱ्हाइकाशी कोणता विषय काढायचा नाही, हे सारे ज्ञान लिहिलेले नसते. असा धंदा फार तर घरातल्या माणसाबरोबर दुसऱ्या गावी जातो. गाडगीळ सराफांची पेढी सांगलीत १८३२ सालची. ती पुण्यात आली १९५८ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, आणि तीही घरातीलच कर्ता पुरुष पुण्याला येऊन बसला तेव्हा. ह्यात कमीपणा नाही. शाखेची किंमत एक भाऊ किंवा एक मुलगा, असा तो हिशेब होता, आणि भाऊ-मुलगे मोजकेच असतात.

येथे एका मुतालिकाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे, जिची नेमणूक कोणत्याही कागदावर नाही. नवरा माल भरायला गेला, आजारी पडला, पंढरीला गेला, की दुकानात बसणारी त्याची बायको. गिऱ्हाईक तिला ‘वहिनी’ म्हणते आणि भाव मात्र ‘दादा आल्यावर’ ठरवते. दुकान दोन-तीन पिढ्या टिकले त्याचे कारण पुष्कळदा ही बाई असते. पाटीवर मात्र नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. ‘जातीने’ लक्ष घालणाऱ्या मालकाच्या कथेत ही दुसरी हजेरी धरलेलीच नाही.

ह्या पार्श्वभूमीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण निराळे उठून दिसते. कारखानदार म्हणून त्यांचे गुणगान पुष्कळ झाले आहे. ते येथे पुन्हा करावयाचे नाही. आम्हाला त्यांच्यात रस आहे तो हळूहळू हात सोडवून घेणारा लहान मालक म्हणून. १८८८ साली बेळगावात जे सायकलींचे दुकान निघाले त्याची रचनाच दोन ठिकाणांची होती. लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक. ते तेथून सायकली पाठवीत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकीत. धंद्याचा पहिला दिवसच मालकांपैकी एकाच्या गैरहजेरीत उजाडलेला. बढतीत डावलले गेल्यावर १८९७ साली नोकरी सोडून ते बेळगावला आले. कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमिनीत विष कालवते ह्या समजुतीमुळे नांगर आरंभी खपेना. पुढे नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. यमाजी शिवदेवाच्या धन्यांचे हे वंशज, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याला गंमत वाटायला लावणारा. १० मार्च १९१० रोजी त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

मारवाडी पेढीला मुनीम गावातून मिळत होता. लक्ष्मणरावांनी आधी गाव केले आणि मग त्यातून माणसे घडवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ती माणसे पदवीधर नव्हती. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे, यंत्रांचे काम शंभुराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, गावोगाव फिरून माल खपवण्याचे काम के. के. कुलकर्ण्यांकडे; शिक्षण अर्धवट सोडून आलेले अनंतराव फळणीकर वाडीतच कल्पक यंत्रज्ञ झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवण्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती सामान्यतः लक्ष्मणरावांच्या उदारतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती कारभाराची गोष्ट वाटते. ज्याच्यावर गावाचा विश्वास नाही त्याच्या हाती कुलपे देणारा मालक, दिवसा कारागिराच्या खांद्यावरून डोकावत उभा राहणार नाही, हे उघड आहे.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, मग यंत्रांच्या रेखाटनाचे शिक्षक. रेखाटन म्हणजे हातातली विद्या हाताबाहेर काढून कागदावर ठेवणे. हलवायाचा पाक कागदावर उतरत नाही, नांगराचा फाळ उतरतो. मोजमाप एकदा नक्की झाले की ते करणारा हात कोणाचाही चालतो, आणि मोडलेल्या भागाच्या जागी तसाच दुसरा भाग दूरच्या खेड्यातही बसवता येतो. शाखा नसली तरी सुटा भाग पोहोचतो. १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदवली गेली आणि भागधारकांना हिशेब देणे आले. घरचा धंदा घराबाहेरच्या डोळ्यांपुढे मांडणे हे त्या काळच्या मराठी कुटुंबाला सोपे गेले नसणार.

त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कामगार, विक्रेते, गिऱ्हाईक ह्यांना वाडीची हालहवाल कळावी म्हणून काढलेले हे गृहपत्र. मालकाला प्रत्येक नांगरामागे बांधावर जाता येत नाही, तेव्हा त्याने पाठवलेला हा छापील मुनीमच. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले, आणि मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला त्यांनी वळण लावले. वाङ्मयाच्या वर्गात आम्ही ह्या मासिकांविषयी बोलतो तेव्हा सुधारणावाद, स्त्रीप्रश्न, लघुकथा ह्यांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. मात्र ह्या वाङ्मयीन घराण्याचा मूळपुरुष एका कारखान्याच्या गरजेतून जन्मला, हे सांगताना आम्ही प्राध्यापक मंडळी किंचित संकोचतो. नांगराच्या पोटी मासिक ही वंशावळ आम्हाला पुरेशी कुलीन वाटत नाही. १९२६ साली शंतनुराव अमेरिकेतून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परतले. १९५६ साली लक्ष्मणराव गेले तेव्हा त्यांच्या नावाचे कारखाने पुण्यात, बंगळूरला, हरिहरला चालू होते. त्या पाटीच्या भाषेत सांगायचे तर शाखा सगळीकडे होत्या.

हे उदाहरण सर्वांना लागू आहे असे मात्र नाही. वाडी वसवायला संस्थानिक मित्र लागतो, माळ लागतो, आणि बंधू-पुतणे लागतात. किराणा दुकानदाराला ह्यातले काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी गेल्या वीसएक वर्षांत बदलले ते निराळेच. संगणकावर बिले आली, मोबाइलवर पैसे आले आणि छताला कॅमेरे आले. २०१७ साली पुण्याच्या चितळे बंधूंनी दुपारची सुट्टी बंद केली, तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या. विनोद करणाऱ्यांचे मोठेच नुकसान झाले. कॅमेऱ्याने मालकाला घरी नेले खरे, पण घरी बसून तो मोबाइलवर गल्लाच पाहत असतो. हजेरीची जागा बदलली. ‘जातीने’ हा शब्द हलला नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे उदाहरण ह्या संदर्भात डोळ्यांपुढे आहे. बाजारपेठेच्या गावी वडिलांचे धान्याचे दुकान. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा एम. ए. अर्धवट टाकून तो दुकानात बसू लागला. त्याने मालाची नोंद संगणकावर घेतली, दोन नोकरांची कामे वाटून दिली, एकाला खरेदीवर अल्प हिस्साही देऊ केला. वडिलांनी किल्ल्या दिल्या, बँकेच्या सह्या दिल्या, शटरवर मुलाचे नावही रंगवू दिले. उधारीची वही तेवढी दिली नाही. ती त्यांच्या उशाशी असते. कोणते घर किती वर्षांपासून कोणत्या सुगीला पैसे देते आणि कोणाकडे लग्न असेल तर मागायचे नाही, ह्याच्या खुणा त्या वहीत आहेत आणि त्या खुणा फक्त वडिलांनाच लागतात. मुलगा आता रोज संध्याकाळी तासभर त्यांच्या खाटेशी बसून एकेक नाव विचारतो आणि लिहून घेतो. ‘क’पर्यंत आलो आहे, असे तो परवा फोनवर म्हणाला.